डीटीआय-आल्प्स: सुई न टोचता मेंदूचा निचरा मोजणारा आकडा कितपत खरा?

एमआरआयच्या टेबलावर सात-आठ मिनिटं जास्त काढायची. सुई नाही, औषध नाही. नंतर संगणकावर थोडं गणित, आणि हाती येतो एक आकडा, बहुतेक वेळा १.२ ते १.७ च्या मधला. हा डीटीआय-आल्प्स निर्देशांक. पाण्याचे रेणू कुठल्या दिशेने किती पसरतात ते दाखवणाऱ्या डीटीआय या एमआरआय प्रकारावरून मेंदूतल्या टाकाऊ पदार्थांचा निचरा किती होतो, याचा तो अंदाज देतो. जपानी रेडिओलॉजिस्ट तोशिआकी ताओका आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत २०१७ मध्ये मांडली. तेव्हा त्यांनी ३१ जणांचे स्कॅन तपासले होते. त्यात काही अल्झायमरचे रुग्ण होते, काहींची स्मृती नुकती ढासळू लागली होती, तर काहींची निव्वळ विसरण्याची तक्रार होती. निर्देशांक जितका कमी, तितके स्मृतिचाचणीतले गुण कमी, असा कल त्यांना दिसला. त्यानंतर पार्किन्सन, पक्षाघात, डोक्याला मार, झोपेचे विकार अशा कितीतरी आजारांत हीच मोजणी करून झाली आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. एकाच मशीनवर, एकाच पद्धतीने दोन गटांचे स्कॅन करून तुलना करायची असेल तर हे साधन वापरण्याजोगं आहे. एखाद्या माणसाच्या रिपोर्टवर ‘तुमच्या मेंदूचा निचरा बिघडला आहे’ असं छापण्यासाठी मात्र नाही, निदान आजच्या रूपात तरी नाही. कारणं बरीच आहेत आणि त्यातली काही अगदी साधी, मानेखालच्या उशीइतकी साधी आहेत.

आधी, नेमकं काय मोजायचं आहे ते पाहू. मोठ्या माणसाच्या डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून साधारण १५० मिलिलिटर सीएसएफ, म्हणजे मेंदू-मज्जेभोवतीचं पाणी असतं. दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनदा तरी बदलतं. मेंदूच्या पृष्ठभागावरून धमन्या आत शिरतात तेव्हा त्यांच्याभोवती एक अरुंद पोकळी सोबत जाते. तिलाच फिरचॉ-रॉबिन पोकळी म्हणतात. धमनीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर या पोकळीतलं पाणी आत ढकललं जातं. पोकळीच्या बाहेरच्या बाजूला ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार-पेशींचे पाय एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि त्या पायांवर ॲक्वापोरिन-४ नावाची पाण्याची दारं दाटीने असतात. तिथून पाणी पेशींच्या मधल्या फटींत जातं, टाकाऊ प्रथिनं सोबत घेतं आणि शिरांच्या कडेने बाहेर पडून शेवटी मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्यांना व मानेतल्या लसिकागाठींना मिळतं. रोचेस्टर विद्यापीठातल्या माइकेन नेडरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवर हे चित्र मांडलं आणि त्याला ग्लिम्फॅटिक हे नाव दिलं. आवरणातल्या लसिकावाहिन्या २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत दाखवल्या.

हे चित्र सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका. पेशींमधल्या फटींतून पाणी खरोखर वाहतं की रेणू तिथे नुसते पसरतात, यावर वाद आहे. ॲक्वापोरिनच्या भूमिकेला २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने आव्हान दिलं. साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या मते टाकाऊ पदार्थ शिरांच्या कडेने नव्हे, तर धमनीच्या भिंतीतल्याच पातळ थरांतून उलट दिशेने बाहेर पडतात. झोपेत निचरा वाढतो, हे २०१३ पासूनचं सर्वात गाजलेलं विधान आहे. त्या वेळी उंदरांत पेशींमधली जागा जागेपणी १४ टक्के आणि झोपेत २३ टक्के मोजली गेली होती. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने उंदरांतच नेमकं उलट निरीक्षण छापलं. पाण्याचा मार्गच वादात असताना तो मोजण्याचा दावा करणाऱ्या साधनाकडे जरा डोळे बारीक करूनच पाहायला हवं.

आल्प्सची कल्पना मात्र देखणी आहे. मेंदूतल्या दोन पार्श्व पोकळ्यांच्या (व्हेंट्रिकलच्या) मधल्या भागाच्या पातळीवर बारीक शिरा उजव्या-डाव्या दिशेने, पोकळीच्या भिंतीला काटकोनात धावतात. ही एक्स दिशा. पोकळीला लागून असलेले प्रोजेक्शन नावाचे मज्जातंतू वर-खाली जातात, ती झेड दिशा. त्यांच्या बाहेरचे असोसिएशन तंतू पुढून मागे जातात, ती वाय दिशा. म्हणजे या दोन्ही ठिकाणी शिरांची दिशा तंतूंना आडवी आहे. पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज पसरतात, आडवे कमी. आता दोन्ही ठिकाणी आडव्या दिशा दोन-दोन आहेत: एक शिरांच्या बाजूने, दुसरी कशाच्याच बाजूने नाही. शिरांच्या बाजूचा आडवा प्रसार दुसऱ्या आडव्या प्रसारापेक्षा जास्त असेल, तर ते जास्तीचं पाणी शिरांभोवतीच्या पोकळीतलं असावं, असा हा तर्क आहे.

सूत्र असं. अंशस्थानी दोन्ही भागांतल्या एक्स दिशेच्या प्रसाराची सरासरी. छेदस्थानी प्रोजेक्शन भागातला वाय आणि असोसिएशन भागातला झेड, यांची सरासरी. समजा प्रोजेक्शन भागात एक्स ०.६२ आणि वाय ०.४५, असोसिएशन भागात एक्स ०.६६ आणि झेड ०.४२ (सगळं मिमी वर्ग प्रति सेकंदाच्या हजाराव्या भागात). तर ०.६४ भागिले ०.४३५, म्हणजे १.४७. आकडा १ च्या जवळ आला की शिरांच्या बाजूने काही खास चाललेलं नाही, असा अर्थ लावतात.

मोजणी नीट व्हायची असेल तर स्कॅनपासून शिस्त हवी. ३ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीन उत्तम, पण १.५ वरही काम होतं. बी-मूल्य (प्रसार टिपण्यासाठी दिलेल्या चुंबकीय धक्क्याचं बळ) ० आणि १०००, असे धक्के देण्याच्या दिशा किमान ३०, व्हॉक्सेल (प्रतिमेचा सर्वात लहान ठोकळा) प्रत्येक बाजूने २ मिमी. चार-पाच मिमी जाडीचे स्लाइस घेतले तर व्हेंट्रिकलमधलं पाणी शेजारच्या तंतूंच्या मोजणीत मिसळतं आणि आकडा बिघडतो. जुन्या साठ्यातले स्कॅन वापरणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. बी शून्यच्या दोन-तीन प्रतिमा उलट फेज दिशेने घ्यायला विसरू नका. त्याला मिनिटभर लागतं, पण त्याशिवाय कपाळामागच्या हवेमुळे आलेली ओढाताण नंतर सुधारता येत नाही. सोबत एक एसडब्ल्यूआय (शिरा ठळक दाखवणाऱ्या प्रतिमांची) मालिका घेतली तर त्या बारीक शिरा खरोखर उजव्या-डाव्या दिशेने जातात की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

मग संगणकाचं काम. मशीनकडून आलेल्या डायकॉम फायली डीसीएमटूनिक्स या प्रोग्रॅमने निफ्टी या फाइल-प्रकारात बदलायच्या. एमआरट्रिक्स या सॉफ्टवेअरने आधी गोंगाट काढायचा, मग गिब्सच्या रेघा (ठळक कडांशेजारी उमटणाऱ्या खोट्या लहरी), याच क्रमाने. प्रतिमा एकदा हलवली-ताणली की गोंगाटाचं मूळ रूप जातं, आणि मग गोंगाट काढणारा प्रोग्रॅम गोंधळतो. त्यानंतर एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे टॉपअप आणि एडी (ओढाताण आणि हालचाल सुधारायला), मग बेट (कवटी वगळून मेंदू वेगळा करायला), मग डीटीआयफिट (प्रसार काढायला). इथे टेन्सर, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलमधला सगळ्या दिशांचा प्रसार सांगणारा आकड्यांचा तक्ता, साठवण्याचा पर्याय चालू करायचा. तो आपोआप चालू नसतो. मिळणाऱ्या फायलीत सहा घटक असतात: एक्सएक्स, एक्सवाय, एक्सझेड, वायवाय, वायझेड, झेडझेड. मोजणी शून्यापासून धरली तर आपल्याला हवे ते ०, ३ आणि ५ क्रमांकाचे. नवखे लोक ०, १, २ उचलतात आणि मग आकडा ऋण का आला म्हणून डोकं धरून बसतात.

रंगीत नकाशात निळा रंग म्हणजे वर-खाली, हिरवा म्हणजे पुढे-मागे, तांबडा म्हणजे आडवा. व्हेंट्रिकलशेजारच्या निळ्या पट्ट्यात एक आणि त्याबाहेरच्या हिरव्या पट्ट्यात एक, असे ५ मिमी व्यासाचे गोळे (यांच्या आतलाच प्रसार मोजायचा) दोन्ही बाजूंना ठेवायचे. निळ्या पट्ट्यातला गोळा आत सरकला की कॉर्पस कॅलोसमचे, म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पुलाचे, तांबडे तंतू त्यात येतात. ते मुळातच एक्स दिशेचे असल्याने निर्देशांक फुगतो आणि निचरा झकास असल्याचा भास होतो. हाताने गोळे ठेवायचे असतील तर दोघांनी स्वतंत्रपणे ठेवून आकडे ताडून पाहावेत. सगळे मेंदू एका प्रमाण मेंदूच्या साच्यावर बसवून आपोआप मोजायचं असेल तर वेगळा सापळा आहे. टेन्सरचे घटक एकेकटे फिरवून साच्यावर नेले तर त्यांची जागा बदलते, पण दिशा जुन्याच अक्षांत राहतात. एफएसएलमधला व्हेकरेग हा प्रोग्रॅम टेन्सर दिशेसकट फिरवतो, तो वापरावा.

एफएसएल लिनक्स किंवा मॅकवर चालतं. विंडोजवर असेल तर त्याच्या आत लिनक्स बसवावं लागतं. ते फुकट आहे, पण फक्त अव्यावसायिक कामासाठी. पैसे घेऊन रिपोर्ट देणाऱ्या सेंटरला परवाना विकत घ्यावा लागतो. ही अट फारसं कोणी वाचत नाही.

आता मानेखालच्या उशीची गोष्ट. वरच्याच उदाहरणात तंतूंच्या लांबीच्या दिशेचा प्रसार १.२ धरा आणि हनुवटी १० अंशांनी वर गेली असं समजा. वाय आणि झेड एकमेकांत थोडे मिसळतात. प्रोजेक्शन भागातला वाय ०.४५ वरून ०.४७ होतो, असोसिएशन भागातला झेड ०.४२ वरून ०.४४. निर्देशांक १.४७ वरून १.४० वर येतो. कल १५ अंश असेल तर थेट १.३२. मेंदूत काहीही बदललेलं नाही, फक्त हनुवटी उचलली गेली आहे. गंमत म्हणजे डोकं उजवी-डावीकडे वळलं किंवा खांद्याकडे कललं तर याच आकड्यांत फरक जवळपास पडत नाही. १० अंशांना तिसऱ्या दशांश स्थानावर. सगळा घोळ वर-खाली मान हलण्याचा.

आणि वर-खालीची मान कोणाची वेगळी असते? पाठीला बाक आलेल्या वयस्कर माणसाची, पार्किन्सनच्या रुग्णाची. त्यांना टेबलावर सपाट झोपवलं की हनुवटी वर जाते, मग डोक्याखाली जाड उशी देतात आणि ती पुन्हा खाली येते. तुलनेसाठी बोलावलेला निरोगी माणूस सरळ झोपतो. म्हणजे दोन गटांत जो फरक ‘निचऱ्याचा’ म्हणून छापला जातो, त्यातला काही भाग मणक्याचा असू शकतो. उपाय अवघड नाही. स्लाइसची पातळी प्रत्येकाच्या एसी-पीसी रेषेला (मेंदूतल्या दोन ठरलेल्या खुणा जोडणाऱ्या रेषेला) समांतर ठेवायची. रूपांतरानंतर बीव्हेक या दिशांच्या यादीच्या फायलीतल्या दिशा प्रतिमेच्या अक्षांत मोजल्या जातात, त्यामुळे पातळी डोक्याबरोबर कलली की गणितही सुधारतं. काही ठिकाणी डीटीआय मुद्दाम सरळ पातळीत घेतात. तिथे हा उपाय लागू पडत नाही आणि नंतर टेन्सर फिरवणं भाग असतं. ताओकांच्याच गटाने नंतर पुनरावृत्तीची चाचणी घेतली. पद्धत तीच ठेवली तर आकडा पुन्हा तसाच येतो, पण स्कॅनची पातळी, दिशांची संख्या आणि इको टाइम (सिग्नल टिपण्याआधी मशीन थांबतं तो वेळ) बदलला की तो हलतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. स्वतःच्या साधनाच्या खोड्या सांगणारे कर्ते कमीच, तेव्हा त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

शिस्तीने स्कॅन केलं तरी मूळ प्रश्न उरतोच: या आकड्यात शिरांभोवतीचं पाणी आहे किती? हिशेब करून पाहू. २ मिमीच्या व्हॉक्सेलचं आकारमान ८ घन मिमी. त्यात अशा पोकळीतलं पाणी १ टक्का धरू. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा प्रसार ३ (त्याच एककात) असतो. बी-मूल्य १००० ला अशा पाण्याचा ९५ टक्के सिग्नल निघून जातो, उरतो ५ टक्के. ऊतीचा आडवा प्रसार ०.५ असेल तर तिचा ६० टक्के टिकतो. गणित पूर्ण केलं तर त्या १ टक्का पाण्यामुळे मोजलेला प्रसार ०.५० वरून जेमतेम ०.५१ होतो. इको टाइम लांब असल्याने पाण्याचा वाटा दुप्पट धरला तरी ०.५२. आपल्या उदाहरणात मात्र एक्स आणि दुसऱ्या आडव्या दिशेतला फरक ०.१७ आणि ०.२४ आहे.

वर आणखी एक अडचण. मोजणीच्या ४० मिलिसेकंदांत पाण्याचा रेणू सुमारे १५ मायक्रॉन सरकतो. पोकळी शंभर मायक्रॉन रुंद असेल तर त्यातल्या बहुतेक रेणूंना भिंत लागतच नाही. अशा पाण्याला एक्स काय आणि वाय काय, सगळ्या दिशा सारख्याच. ते अंश आणि छेद दोन्ही वाढवणार, गुणोत्तर नाही. मग तो फरक येतो कुठून? मुख्यतः तंतूंच्या मांडणीतून: आडवे छेदून जाणारे तंतू, पंख्यासारखे पसरणारे तंतू, एका बाजूला वाकलेले तंतू. म्हणजे पाटात पाणी किती वाहतंय ते बांधावरच्या ओल्या मातीवरून ठरवायचं, आणि मातीचा पोतच जागोजागी वेगळा, अशी ही गत आहे. ऑस्लोच्या गेयर रिंगस्टॅड यांनी २०२४ मध्ये या निर्देशांकावर कडक टीका केली, ती याच अंगाची. प्रसार म्हणजे प्रवाह नाही, आणि मानवात पाणी आत शिरतं ते पृष्ठभागावरच्या धमन्यांच्या कडेने, तर आल्प्स पाहतो खोल पांढऱ्या भागातल्या शिरांकडे.

नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसमध्ये, म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये पाणी साचण्याच्या आजारात, हे उघड दिसतं. व्हेंट्रिकल फुगलेली, शेजारचे तंतू ताणलेले आणि त्यांची दिशा बदललेली. तिथे निर्देशांक कमी येणारच; निचऱ्याबद्दल त्यातून काय कळलं, हा प्रश्नच आहे. पांढऱ्या भागात डाग असलेल्या वृद्धांचंही तसंच.

आल्प्सच्या बाजूने एक गोष्ट आहे. चीनमधल्या एका गटाने २०२१ मध्ये लहान रक्तवाहिन्यांच्या आजारात आल्प्सची तुलना खऱ्याखुऱ्या निचरा-स्कॅनशी केली, तेव्हा दोन्हींत संबंध दिसला. संबंध म्हणजे एकरूपता नव्हे, पण निर्देशांक अगदीच हवेत नाही, एवढं त्यातून नक्की समजतं.

तो खराखुरा स्कॅन म्हणजे या साधनाचा प्रतिस्पर्धी. ऑस्लोत रिंगस्टॅड आणि पेर क्रिस्तियान आयडे यांनी तो घडवला. कंबरेच्या मणक्यातून सुई घालून गॅडोब्युट्रॉल हे एमआरआयत ठळक दिसणारं औषध थेट सीएसएफमध्ये सोडतात, सुरुवातीला ०.५ मिलिमोल, म्हणजे अवघं अर्धा मिलिलिटर. त्याआधी एक एमआरआय, आणि नंतर दोन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा. औषध आधी पृष्ठभागावरच्या मोठ्या धमन्यांच्या कडेने चढताना दिसतं, मग मेंदूच्या आत, आणि आतला ठळकपणा साधारण २४ तासांनी शिगेला पोहोचतो. इथे पाण्याबरोबरची वस्तू प्रत्यक्ष जाताना दिसते, अंदाज नाही. रात्रभर जागवलेल्या माणसांत औषध मेंदूतून निघायला उशीर लागतो, हेही याच पद्धतीने २०२१ मध्ये दिसलं. पण मणक्यातून देण्यासाठी हे औषध मंजूर नाही. मात्रा चुकून जास्त गेली तर गोंधळलेपण, झटके, बेशुद्धी, अगदी मृत्यूही ओढवू शकतो. संशोधन संस्थेत, नैतिक समितीच्या परवानगीने आणि अनुभवी हातांनीच करायचं हे काम आहे. जवळच्या स्कॅन सेंटरने असलं काही सुचवलं तर तिथून उठून यावं.

त्यामुळे आल्प्सला मागणी का, हे समजण्यासारखं आहे. बालरोग विभागात, शेकडो माणसांच्या अभ्यासात, वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात सुई कोण टोचणार? त्याच माणसाचा त्याच मशीनवर, त्याच पातळीत वर्षभराने काढलेला आकडा ताडून पाहणं, हा त्याचा सर्वात रास्त उपयोग. पण सर्वमान्य सामान्य मर्यादा आज नाही. एका मशीनवरचा १.३५ आणि दुसऱ्यावरचा १.३५ एकच, असं धरता येत नाही. त्यामुळे ‘ब्रेन डिटॉक्स तपासणी’ अशा नावाने कोणी हा आकडा विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. त्या आकड्यावरून बदलण्यासारखा कोणताही औषधोपचार नाही.

न्यूरॉलॉजिस्टना रोजच्या कामात रक्तवाहिन्यांभोवतीच्या पोकळ्यांबद्दल काही हवंच असेल, तर नेहमीच्या टी-टू (पाणी पांढरं दिसणाऱ्या) प्रतिमेवर फुगलेल्या पोकळ्या मोजणं जास्त कामाचं. एडिनबरोच्या पॉटर श्रेणीत बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातले पेशीपुंज) आणि सेंट्रम सेमिओव्हाले (वरचा पांढरा भाग) इथे वेगवेगळी मोजणी करतात. जी बाजू जास्त भरलेली, तिचा एकच स्लाइस धरायचा: एकही नाही तर ०, १ ते १० ला १, ११ ते २० ला २, २१ ते ४० ला ३, चाळीसच्या वर ४. जादा स्कॅन नाही, सॉफ्टवेअर नाही, दोन मिनिटांचं काम. बेसल गँग्लियात गुण जास्त असतील तर रक्तदाब आणि लहान रक्तवाहिन्यांच्या आजाराकडे लक्ष द्यायला निमित्त मिळतं. हाही प्रवाह मोजत नाही, पण तसा दावाही करत नाही.

आणि शोधनिबंधात आल्प्स वापरणारच असाल, तर मशीन व टेस्ला, बी-मूल्य, दिशांची संख्या, व्हॉक्सेल, इको टाइम, स्लाइसची पातळी, गोळ्यांचा आकार आणि ते ठेवण्याची रीत, टेन्सर फिरवला की नाही, डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे आकडे आणि सूत्रातले चारही मूळ प्रसार द्या. नुसतं गुणोत्तर छापलं तर कमी झालेला आकडा एक्स घटल्याने आला की छेद वाढल्याने, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. छेद वाढला असेल तर पहिला संशय तंतूंवर आणि हनुवटीवर घ्यावा.